पाण्यावरून मुक्काम



या पानावर मी कांदा, हरभरा, ड्रीप आणि कधीमधी बाजारभाव एवढंच लिहितो. आज डोंगरातल्या चार दिवसांबद्दल लिहितोय. विषय पाण्याचाच आहे, म्हणून चालून जाईल. त्यात एक चूक झाली, ती माझीच होती, तीपण लपवत नाही.

आमचं रान ओझरच्या बंधाऱ्याखाली, प्रवरेच्या कालव्यावर. वडिलांच्या आधीपासून आम्ही या पाण्यावर जगतोय. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, म्हणजे तीन पिढ्या झाल्या. आवर्तन कधी सुटणार, किती दिवसांचं, टेलला पोचणार का, याच्यावर आमच्या घरात रोज बोलणं असतं. पण हे पाणी निघतं कुठून, ते मी छप्पन्न वर्षांचा होईपर्यंत पाहिलं नव्हतं. प्रवरा रतनगडावर उगम पावते हे शाळेत शिकलो होतो, तेवढंच.

धाकटा पोरगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला डोंगराचं वेड. सह्याद्रीची धार तो तुकड्या-तुकड्याने चालतोय. एका सुट्टीत एक टप्पा, पुढच्या सुट्टीत जिथं सोडलं तिथून पुढं. कळसूबाई ते रतनगड त्याने आधी केलं होतं. यंदा रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचं होतं. रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई आणि मग गड. दिवाळीत म्हणाला, "आबा, चला की या वेळी. तुमची नदी बघू."

फेब्रुवारीत जायचं ठरलं. उन्हाळ कांद्याला तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं. दोन पाळ्यांच्या मधले चार दिवस मला मोकळे होते. सोबत त्याचा एक मित्र. असे आम्ही तिघं.

पोराने मोबाईलवर आराखडा करून पाठवला. रोज किती किलोमीटर, चढ किती, उतार किती, सगळं लिहिलेलं. पहिला मुक्काम गडावरच्या गुहेत, दुसरा खिंडीच्या पलीकडे, तिसरा हरिश्चंद्रगडावर. मी विचारलं, "पाणी कुठंय यात?" तो म्हणाला, "नकाशात निळ्या रेघा आहेत ना."

मला आमच्या रानात वाडा बसवायला येणारे मेंढपाळ आठवले. शे-दोनशे मेंढरं, लेकरंबाळं, घोड्यावर बिऱ्हाड. आज किती कोस चालायचं हे ते कधीच आधी ठरवत नाहीत. पुढचं पाणी कुठं आहे ते आधी बघतात, मग चारा, आणि त्यावरून चाल ठरते. पाणी जवळ असलं तर दुपारीच थांबतील, लांब असलं तर अंधार पडेपर्यंत चालतील. मी पोराला म्हणलं, तुझे किलोमीटर राहू दे बाजूला. आधी पाण्याच्या जागा लिही, मुक्काम आपोआप ठरतील.

मग आम्ही हिशोब केला. कांद्याच्या पाळीचा करतो तसाच.

आपला साधा ड्रीपर तासाला ४ लिटर टाकतो. उन्हात ओझं घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसाला पूर्ण दिवसाला साधारण तेवढंच प्यायला लागतं. कुणाला ३ पुरतं, कुणाला ५ लागतं. मुक्कामाला खिचडी, चहा आणि सकाळचं मिळून माणशी दीड लिटर. भांडी, तोंड-हात याला अर्धा लिटर, तेसुद्धा काटकसरीने. म्हणजे माणशी ६ लिटर, तिघांचं दिवसाला १८ लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. १८ किलो पाणी पाठीवर घेऊन कात्राबाईची खिंड कोण चढणार? म्हणून मुक्काम पाण्यावरच पाहिजे. चालायचं पाणी तेवढं पाठीवर घ्यायचं, स्वयंपाकाचं आणि धुण्याचं मुक्कामालाच भरायचं.

डोंगरात पाणी कुठं सापडतं, हे विहीर खोदलेल्या माणसाला समजायला अवघड नाही. सह्याद्री म्हणजे बेसाल्टचे थरावर थर. वरचा मांजऱ्या खडक, भेगाळलेला कातळ पावसाचं पाणी आत घेतो. खाली पक्का काळा पाषाण किंवा तांबडा गेरूसारखा थर लागला की पाणी तिथं अडतं आणि आडवं चालायला लागतं. कड्याच्या पोटात जिथं हे दोन थर भेटतात तिथं झरा फुटतो. लांबून बघितलं तर वाळक्या डोंगरात एका पातळीवर हिरवी रेघ दिसते, उंबर, जांभूळ असली झाडं असतात. वाड्यासुद्धा बहुतेक अशाच पट्ट्यांवर वसलेल्या. जुन्या लोकांनी नकाशा न बघता हे ओळखलेलं होतं. गडावरची टाकीपण कातळात खोदलेली, सावलीतली, म्हणून पाणी उडून जात नाही.

पण झऱ्याचं वय असतं. कुठला झरा संक्रांतीला आटतो, कुठला होळीपर्यंत चालतो, थोडेच मृगापर्यंत टिकतात. नकाशातली निळी रेघ हे सांगत नाही. ती ऑगस्टमध्येही निळी आणि मे महिन्यातही निळीच.

या हिशोबाने आम्ही आराखडा बदलला. पहिला मुक्काम गडावर न करता रतनवाडीत, एका घराच्या अंगणात. गडावर मोकळ्या पाठीने जाऊन यायचं. तिसरा मुक्काम पाचनईत, तिथूनही गड मोकळ्या पाठीने. पोरगा थोडा हिरमुसला, गडावर झोपायचं होतं त्याला. पण हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. कुठं मुक्काम चालतो, कुठं नाही, ते वनखात्याला विचारूनच करावं लागतं, आणि जंगलात चूल पेटवायची नाही. गॅसची छोटी शेगडी घेतली.

राहिला दुसरा मुक्काम. पोराचा हट्ट होता की एक तरी रात्र जंगलात. खिंड उतरल्यावर एक ओढा नकाशात होता, त्याच्या काठाला सपाटी. मी त्या भागातल्या एका माणसाला फोन लावला आणि विचारलं, "खिंडीच्या पलीकडं वढ्याला पाणी असतंय का?" तो म्हणाला, "आसतंय की." मी फोन ठेवला आणि कागदावर बरोबरची खूण केली.

चूक इथंच झाली, मंडळी. आपल्याकडं पाहुणा विचारतो, "विहिरीला पाणी हाय का?" आपण म्हणतो, "हाय की." पण उन्हाळ्यात किती तास मोटर चालते हे त्याने विचारलेलं नसतं, आपण सांगितलेलं नसतं. तो माणूस खोटं बोलला नाही. मीच अर्धवट विचारलं. तीस वर्षं पाण्याचा हिशोब करणारा मी, आणि "असतंय की" एवढ्यावर तिघांचा मुक्काम लावला.

पहिला दिवस झकास गेला. भंडारदऱ्याच्या कडेकडेने रतनवाडीत पोचलो. अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, काय दगडाचं काम आहे! मग जंगलातून गडाची वाट. ती प्रवरेच्याच पात्राला धरून वर जाते. फेब्रुवारीत तिथं नदी म्हणजे दगडांच्या मध्ये थांबलेली डबकी आणि मधूनच एखादी बोटभर धार. मी एका दगडावर बसलो. आमच्या चारीला येतं ते हेच पाणी. टेलला पाणी कमी आलं म्हणून मी किती वेळा पाटकऱ्याशी भांडलोय. त्या बोटभर धारेकडं बघून काय बोलावं सुचेना. पोराने हाक मारली तेव्हा उठलो. शिड्या चढून गडावर गेलो, टाकी बघितली, नेढ्यात बसून वारा खाल्ला, संध्याकाळी खाली वाडीत.

दुसऱ्या दिवशी निघायला साडेआठ झाले. माझाच चहा लांबला. ओढ्याला पाणी आहे म्हणून माणशी अडीच लिटरच भरलं. वाटेत कारवीच्या रानात ढोरवाटेला लागून रस्ता चुकलो, दीड तास गेला. खिंडीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर.

खिंडीत उभं राहिलं की एक गोष्ट कळते. मागं पडलेला पावसाचा थेंब प्रवरेला मिळून भंडारदऱ्याला जातो. पुढं पडलेला मुळेला मिळून मुळा धरणाला जातो. माझी बहीण राहुरीकडं मुळेच्या कालव्यावर दिलेली. म्हणजे एकाच धारेवरून भावाचं आणि बहिणीचं पाणी वाटलं जातं. मी हे पोरांना सांगत होतो आणि बाटली तोंडाला लावत होतो. पुढं ओढा आहे ना, मग काय.

ओढ्यावर पोचलो. पांढरे गोटे, वाळलेला पाला आणि कोरडी वाळू. पाणी नाही.

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणलं, थांबा, झिरा काढू. पात्राच्या वळणाला, जिथं वाळू जरा गार लागली आणि मधमाश्या घोंगावत होत्या, तिथं हाताने कोपरभर उकरलं. ओल आली. वाटीभर गढूळ पाणी साचायला बराच वेळ लागला. कडेला जनावरांचे खूर उमटलेले होते, म्हणजे त्यांचापण हाच आधार. त्या पाण्यात फडकं भिजवून तिघांनी डोक्याला बांधलं आणि खड्डा तसाच उघडा ठेवला, जनावरांना होईल म्हणून. इथं मुक्काम नव्हता. कुमशेतपर्यंत उतरावंच लागणार होतं.

शिल्लक मोजली. पोरांकडं अर्धा-अर्धा लिटर. माझ्याकडं चार घोट. मी म्हणलं, "मला तहान कमीच लागते, शेतातला माणूस आहे मी. तुम्ही प्या."

हा दुसरा मूर्खपणा. पिकाला ताण बसला की पान दुपारी माना टाकतं, संध्याकाळी परत उभं राहतं. आपण म्हणतो, चालतंय. पण एका मर्यादेपुढं ते उठत नाही. हे मी दुसऱ्याला शिकवतो. स्वतःच्या बाबतीत विसरलो. अर्ध्या तासाने पोटरीत गोळे आले, डोळ्यापुढं काजवे चमकायला लागले. घाम येईनासा झाला होता, ते मला कळलंच नाही. पोराला कळलं. त्याने हाताला धरून सावलीत बसवलं, पाठीवरचं ओझं काढलं, त्याच्या अर्ध्या लिटरमध्ये मीठ-साखरेची पुडी टाकली आणि घोट-घोट पाजलं. मी नको म्हणलं तर ओरडला माझ्यावर. "आबा, तुम्ही पडलात तर आम्ही दोघं तुम्हाला उचलून नेऊ शकत नाही. कळतंय का?" जन्मात पहिल्यांदा पोरगं माझ्यावर ओरडलं. मी गुमान प्यायलो. तासभर सावलीत काढला, उन्हं कलल्यावर हळूहळू उतरलो. माझं ओझं दोघांनी वाटून घेतलं.

कुमशेतच्या बाजूला पहिलं घर लागलं तेव्हा साडेचार वाजले होते. ओट्यावर एक म्हातारी बसलेली. आमची तोंडं बघून तिला काही विचारावं लागलं नाही. आत गेली, हंड्यातून तांब्या भरून आणला. मग दुसरा. मग तिसरा. मित्राने चौथ्या तांब्याचं पाणी तोंडावर मारलं. ती काही बोलली नाही, नुसतं हंड्यात वाकून बघितलं. ते बघणं मी ओळखलं. आवर्तन लांबलं की आमची मंडळी टाकीत तशीच वाकून बघते.

मी विचारलं, "मावशी, पाणी कुठून आणता?" तिने खाली उताराकडं बोट केलं. विहीर तिथं. सकाळी तीन खेपा. आम्ही तिघांनी बसल्या जागी तिची जवळजवळ एक खेप संपवली होती.

"कुठलं गाव तुमचं?" तिने विचारलं. सांगितलं. "म्हंजी कालव्याचं गाव," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आमच्याकडं पावसात इतकं पाणी पडतंय, दार उघडता येत न्हाई. पर थांबत न्हाई वो. समदं खाली जातंय." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पाऊस-पाण्याचं बोलतात तसं बोलली. या घाटमाथ्याच्या पट्ट्यात, घाटघर-रतनवाडीला, पाच-पाच हजार मिलीमीटर पाऊस होतो. आमच्याकडं त्याचा दहावा हिस्सा पडला तर आम्ही वर्ष चांगलं म्हणतो. पण पाणी साठतं आमच्या वाटणीच्या धरणात आणि हंडा आहे तिच्या डोक्यावर. उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

मुक्काम तिच्या अंगणातच झाला. पैसे देऊ केले तर पाण्याचे घेईना, जेवणाचे तेवढे घेतले. सकाळी उठून पोरगा आणि त्याचा मित्र विहिरीवर गेले आणि तिच्या दोन खेपा करून आले. तिसरीला मी गेलो. चढावर हंडा खांद्यावर घेऊन मला चार वेळा थांबावं लागलं. आमचं प्यायचं पाणी आम्ही वेगळं भरलं आणि उकळून गार करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता निघालो. या वेळी माणशी ४ लिटर, आणि मधलं कुठलंही पाणी हिशोबात धरलं नाही. पेठेच्या वाडीवरून पाचनई. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड. देवळाजवळच्या टाक्यांत गार पाणी होतं, केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं. एवढी उंची, फेब्रुवारीचा महिना, आणि कातळात पाणी! खोदणाऱ्यांनी जागा कशी हेरली असेल याचा विचार करत कोकणकड्यावर बराच वेळ बसलो.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं सरळ लिहितो. गावातल्या पोरांनाही दाखवा.

पाणी विचारताना "आहे का" असं विचारू नका. या महिन्यात आहे का, तुम्ही स्वतः शेवटचं कधी बघितलं, प्यायचं आहे की गुरांचं, असं विचारा. एकाला नाही, दोन वेगवेगळ्या वाड्यांतल्या दोघांना विचारा. गुराख्याला विचारलं तर सगळ्यात चांगलं.

खात्री नसलेलं पाणी शून्य धरा. खात्रीच्या पाण्यापासून पुढच्या खात्रीच्या पाण्यापर्यंत पुरेल एवढं पाठीवर घ्या, वर माणशी एक लिटर जास्त. वजन वाटतं, पण ते एक लिटर वाट चुकल्यावरचं असतं.

मुक्काम पाण्याच्या जवळ करा, पण काठावर नको. रात्री जनावरं पाण्यावर येतात. तंबू शे-दीडशे पावलं लांब, भांडी-साबण टाक्यापासून लांब, शौचाला त्याहून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. पाणी फडक्यातून गाळून, खळखळ उकळून घ्या. उकळणं जमत नसेल तर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा.

सकाळी सहाला निघा, अकराच्या आत मोठा चढ संपवा. तहान लागायच्या आधी थोडं-थोडं प्या. मीठ-साखर जवळ असू द्या. आणि माझ्यासारखं "मला लागत नाही" म्हणू नका. सगळ्यांच्या बाटल्या एकत्र ठेवून तासा-तासाला मोजा, म्हणजे कुणाला लपवता येत नाही.

वाडीत पाणी मागितलं तर आधी विचारा, कुठून आणता, किती खेपा. तोंड धुवायचं असेल तर विहिरीवर जाऊन धुवा.

घरी आलो त्या रात्री कांद्याची पाळी होती. चारी फोडली, पाणी वाफ्यात शिरलं. एरवी मी बारं देऊन बांधावर पडतो, कधी डोळा लागतो, वाफा फुटून पाणी शेजारच्या पडीकात जातं. त्या रात्री पडलो नाही. पुढच्या हंगामापासून कांदा राहिलेल्या अर्ध्या एकरातही ड्रीपवर घ्यायचं ठरवलंय. कुमशेतच्या हंड्यात त्याने एक थेंब वाढणार नाही, हे मला कळतं. पण तिथलं पाणी बघून आल्यावर वाफा फुटू देणं आता जमत नाही.

परवा पोराचा फोन आला. पुढचा टप्पा हरिश्चंद्रगड ते नाणेघाट. त्याने नवीन कागद पाठवलाय. पहिला रकाना पाण्याचा, दुसरा महिन्याचा, तिसरा कुणाला विचारलं त्याचा. किलोमीटर शेवटी. दोन जागांपुढं त्याने शून्य लिहिलंय. मी विचारलं, शून्य का? म्हणाला, "एकजण 'असतंय की' म्हणाला, आबा."

त्या भागात कुणाचं जाणं-येणं असेल, आणि माघ-फाल्गुनात पाणी कुठं टिकतं हे स्वतः बघितलेलं असेल, तर खाली लिहा. महिना टाकून लिहा.

राम राम.